जुनापाणी : वारस नसलेली दफनभूमी

नागपूरच्या माणसाला शहरातले घाट पाठ असतात. गंगाबाई घाट, मोक्षधाम, अंबाझरी, मानकापूर. कोणत्या वस्तीतली अंत्ययात्रा कुठे जाणार हे न विचारताच कळतं. महालाकडे भोसल्यांच्या छत्र्या आहेत, सीताबर्डीच्या किल्ल्यावर नोव्हेंबर १८१७ च्या लढाईत पडलेल्यांच्या कबरी आहेत, कामठीच्या छावणीत इंग्रज पलटणींचं कब्रस्तान आहे. या प्रत्येक जागेला कुणी ना कुणी वाली आहे. कुठे घराणं, कुठे चर्च, कुठे लष्कर, कुठे महानगरपालिका.

या सगळ्यांहून कितीतरी जुनी दफनभूमी काटोल रोडवर, शहरापासून दहा-बारा किलोमीटरवर आहे. जागेचं नाव जुनापाणी. बरड माळावर काळ्या दगडांची वर्तुळं मांडलेली आहेत. छापील नोंदींमध्ये त्यांची संख्या सुमारे ३०० दिली जाते. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकात, म्हणजे विदर्भात लोखंड नुकतं रुळत होतं त्या काळात, इथे माणसं पुरली गेली. पुरणाऱ्यांची भाषा कोणती, देव कोणते, ते स्वतःला काय म्हणवत, यातलं काहीही उरलेलं नाही. उरली आहे फक्त त्यांची माती देण्याची जागा.

या एका जागेचं प्रकरण सविस्तर मांडावं असं बरेच दिवस मनात होतं. ज्या स्मशानाला वारसच नाही ते अडीच हजारांहून जास्त वर्षं टिकलं कसं, आणि यापुढे टिकवायचं तर नेमकं काय टिकवायचं, एवढाच प्रश्न आहे. माझं म्हणणं आधीच सांगतो. जुनापाणीकडे आपण आजवर वस्तू सापडण्याची जागा म्हणून पाहत आलो. एका वस्तीचं स्मशान म्हणून तिच्याकडे पाहिलं, की जपायची हद्दही बदलते आणि जपायची पद्धतही.

टाकळघाटचा नाला आणि पहिलं फावडं

या वर्तुळांच्या चौकशीच्या सुरुवातीच्या गोष्टीत एक मृत्यू आहे. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी १८४५ मध्ये नागपुरात आला. शाळा चालवता चालवता त्याने विदर्भातले खडक आणि जीवाश्म गोळा केले आणि गोंडांच्या चालीरीतींची टिपणं काढली. आजचं हिस्लॉप कॉलेज त्याच्याच नावाचं आहे. ४ सप्टेंबर १८६३ ला तो मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेम्पल यांच्याबरोबर टाकळघाटची दगडी वर्तुळं पाहायला गेला होता. टाकळघाट म्हणजे आज बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीजवळचं गाव. बाकीची मंडळी पुढे निघून गेली आणि हिस्लॉप तिथली शाळा तपासायला मागे थांबला. संध्याकाळी एकटाच घोड्यावर बोरीकडे निघाला, तेव्हा वाटेतला नाला पावसाने फुगला होता. मुक्कामावर घोडा पोचला, स्वार पोचला नाही. शोध घेतला तेव्हा प्रेत मिळालं. त्याला नागपुरातच पुरलं. गोंडांविषयीची त्याची टिपणं टेम्पलने १८६६ मध्ये छापून आणली.

१८६३ हेच नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयाच्या स्थापनेचं वर्ष. आपण ज्याला अजब बंगला म्हणतो, ते टेम्पलच्याच कारकिर्दीत सुरू झालं. या भागातल्या जुन्या गोष्टींबद्दलची नोकरशाहीतली उत्सुकता त्या काळात चढती होती. १८६७ मध्ये रिव्हेट-कार्नाक या सनदी अधिकाऱ्याने जुनापाणीची काही वर्तुळं उकरली. त्याच सुमारास कामठीजवळ वारेगावला पीअर्स या लष्करी अधिकाऱ्याने एक मोठं वर्तुळ खणून त्याचा वृत्तांत १८६९ मध्ये लंडनला छापला. रिव्हेट-कार्नाकचा लेख आला १८७९ मध्ये, बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात.

जुनापाणीत काय मिळालं? लोखंडी कट्यारी, छिन्न्या, कुदळीसारखी अवजारं, कडी, बांगड्या, घोड्याच्या तोंडातले लगामाचे तुकडे. आणि चपट्या कुऱ्हाडी, ज्यांचं पातं दांड्याला घट्ट बसावं म्हणून वर लोखंडाच्या पट्ट्या आडव्या आवळलेल्या असत. या आवळपट्टीच्या कुऱ्हाडी विदर्भातल्या दफनांची ओळखच बनल्या आहेत.

या पहिल्या खणणाऱ्यांबद्दल मला आदरही आहे आणि खंतही. त्यांनी नोंद केली, चित्रं काढली, स्थानिक लोकांना विचारलं. लोकांनी सांगितलं, ही गवळ्यांच्या राज्यातली कामं. नोंदीत हे उतरलं म्हणून ती समजूत आपल्यापर्यंत पोचली. पण खणलं ते वस्तूंसाठी. कोणत्या थरात काय होतं, हाडं कशी मांडली होती, माती कुठून आणली होती, हे त्या काळच्या पद्धतीत बसतच नव्हतं. लोखंड वर आलं आणि त्याच्या भोवतीचा अंत्यविधी फावड्याखाली मोडला. एकदा मोडलेली कबर पुन्हा वाचता येत नाही.

एका वर्तुळामागे किती हात

पुढचं जबाबदारीचं खणन १९६१-६२ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या बी. के. थापर यांनी केलं. त्यांनी मोजकीच वर्तुळं निवडली आणि थर बघत खणली. त्यानंतरच्या दशकात नागपूर विद्यापीठाच्या शां. भा. देव यांनी टाकळघाट-खापा (१९६८-६९) आणि महुरझरी (१९७०-७२) इथे काम केलं. या कामांमधून एक वर्तुळ कसं रचत असत याचं चित्र बऱ्यापैकी उभं राहतं. कडेला मोठे काळे दगड एकमेकांना लागून बसवायचे. आत मृताचे अवशेष, मडकी, अवजारं ठेवायची. मग काळी चिकण माती, मुरूम आणि गोटे टाकून मधला भाग भरून काढायचा. लांबून पाहिलं तर बुटका उंचवटा आणि त्याला दगडांचा काठ.

हे काम किती मोठं होतं, याचा मी ढोबळ हिशेब मांडून पाहिला. वर्तुळ १० मीटर व्यासाचं धरा. परीघ ३१ मीटर. मीटरभर लांबीचा एक दगड धरला तर तीसेक दगड लागतात. या काळ्या दगडाचं, म्हणजे बेसॉल्टचं, वजन घनमीटरला सुमारे २.९ टन. मीटरभर लांब, ७० सेंटिमीटर रुंद आणि ६० सेंटिमीटर उंच असा दगड, कोपरे गोल झालेले धरूनही, टनभर भरतो. म्हणजे नुसत्या काठाचे तीस टन झाले. आतलं क्षेत्रफळ ७८ चौरस मीटर. सरासरी अर्धा मीटर भर घातली तर ३९ घनमीटर, म्हणजे साठेक टन माती-मुरूम. वीस किलोच्या टोपल्या मोजल्या तर तीन हजार खेपा होतात.

आकडे माझ्या गृहीतकांवर उभे आहेत, दगड लहान असेल तर ते खाली येतील. पण मुद्दा राहतोच. एका घराने हे काम होत नाही. दगड हलवायला पहारीसारखी लाकडं आणि दहा-दहा माणसं, माती वाहायला बायका-पोरं, एवढ्या लोकांच्या पोटाला अन्न. गावात कुणी गेलं की आजही सरणाची लाकडं, बांबू, मडकं, खांदेकरी हे सगळं घराबाहेरचे लोक बघतात. जुनापाणीचं प्रत्येक वर्तुळ म्हणजे असं गोळा झालेलं माणूसबळ आहे, फरक इतकाच की ते दगडात मोजता येतं.

यातून आणखी एक गोष्ट उलगडते. मृत्यू पेरणीच्या दिवसात येतो, कापणीच्या दिवसात येतो, भर पावसात येतो. नव्वदेक टन दगड-माती हलवायला मात्र रिकामे हात आणि कोरडी जमीन लागते. विदर्भातल्या बऱ्याच वर्तुळांत माणसाचा पूर्ण सांगाडा मिळत नाही. थोडी हाडं मिळतात, तीही आधी दुसरीकडे ठेवून नंतर आणलेली वाटावीत अशी, आणि काही वर्तुळांत तर हाडंच नसतात. मला हे हंगामाशी जोडलेलं दिसतं. प्रेताची पहिली व्यवस्था लगेच होत असावी आणि दगडांचा विधी हात मोकळे झाल्यावर. हा माझा तर्क आहे, पण शेतकरी गावात वाढलेल्या माणसाला तो पटायला जड जाणार नाही.

सगळ्यांना जागा नव्हती

आता या प्रकरणातला मला सर्वात महत्त्वाचा वाटणारा भाग. ३०० हा आकडा ऐकायला मोठा आहे. पण स्मशान म्हणून तपासला तर तो फारच लहान निघतो.

समजा ही भूमी ४०० वर्षं वापरात होती. म्हणजे सरासरी सोळा महिन्यांनी एक वर्तुळ. समजा तिच्याशी जोडलेली वस्ती अवघी २०० माणसांची होती. जुन्या काळात हजारी तीस मृत्यू हे प्रमाण धरलं तर वर्षाला सहा जण जातात, ४०० वर्षांत २,४००. एकेका वर्तुळात दोन जण पुरले असं धरलं तरी ६०० होतात. उरलेले १,८०० कुठे गेले? काळ कमी धरा, माणसं आणखी कमी धरा, तरी दगडांचा मान सगळ्यांना मिळत होता असं कुठल्याच हिशेबात बसत नाही.

मग कोणाला मिळत होता? सोबत ठेवलेल्या वस्तूंवरून थोडा अंदाज येतो. महुरझरीत घोड्याच्या डोक्यावर घालायचे तांब्याचे साज मिळाले, घोड्यांची हाडं मिळाली, तांब्याच्या मुठीची लोखंडी कट्यार मिळाली. घोडा तेव्हा सामान्य माणसाच्या दारात बांधलेला नसणार. घोडा, कट्यार, कुऱ्हाड बाळगणारी घराणी आणि त्यांच्यासाठी टोपल्या वाहणारी घरं, असे दोन थर त्या समाजात दिसतात. टोपल्या वाहणाऱ्यांना बहुधा दगड मिळाला नाही.

हे मांडताना आपलीच गावं डोळ्यांपुढे येतात. महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत आजही स्मशानं जातीनुसार वेगळी आहेत, आणि दलित वस्तीला स्मशानभूमीच नाही, असली तर रस्ता नाही, म्हणून प्रेत घेऊन तहसीलवर जाण्याची वेळ येते. लिंगायत, महानुभाव, गोसावी यांच्यात पुरण्याची रीत, त्यामुळे त्यांच्या जागेचा प्रश्न आणखी वेगळा. गोंडांमध्ये मृतासाठी दगड उभा करण्याची परंपरा आहे, भामरागडच्या माडिया गावांत असे दगड पाहायला मिळतात. जुनापाणीचे लोक गोंडांचे पूर्वज होते असं यावरून म्हणता येत नाही, मधला काळ फार मोठा आहे. पण मेल्यानंतर कोणाला किती जमीन मिळते यावरून समाज ओळखता येतो. जुनापाणीचा समाज ओळखायचा असेल तर वर्तुळांइतकंच वर्तुळांच्या मधल्या मोकळ्या जमिनीकडे पाहावं लागेल. बिनदगडाची माणसं असतील तर ती तिथेच असतील. आणि या मोकळ्या जागेत आजवर फारसं कुणी शिरलेलं नाही.

दगडांवरच्या वाट्यांबद्दलही दोन शब्द. जुनापाणीच्या काही दगडांवर वाटीसारखे गोल खळगे ओळीने कोरलेले आहेत. रिव्हेट-कार्नाकला ते दिसले आणि युरोपातल्या दगडांवरच्या खळग्यांशी त्यांचं साम्य पाहून त्याने दोन्हीकडच्या लोकांचं नातं असावं असा कयास बांधला. आज तो कुणी धरत नाही. अलीकडे टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे मयंक वाहिया आणि सहकाऱ्यांनी हे खळगे वर्तुळाच्या मध्यापासून कोणत्या दिशेला आहेत हे मोजलं आणि त्यांचा आकाशाशी काही संबंध लागतो का हे तपासलं. मला यातली मोजणी मोलाची वाटते. आकाशाचा निष्कर्ष काढायला मात्र दगड मूळ जागी आहे याची खात्री हवी, आणि १८६७ पासून हात लागलेल्या भूमीत ती प्रत्येक वर्तुळाबाबत देता येत नाही.

जिवंतांचं गाव

स्मशान असेल तर गाव असणारच. टाकळघाट-खापा इथल्या शां. भा. देव यांच्या खणनाचं मोठेपण यातच आहे. एका ठिकाणी वर्तुळं आणि जवळच, वेगळ्या जागी, त्याच काळातली वस्ती, असं जोडचित्र तिथे मिळालं. पुढे पेंच नदीकाठच्या नायकुंडला लोखंड गाळण्याची भट्टी सापडली, म्हणजे कबरीतल्या कुऱ्हाडी इथल्याच भट्ट्यांतून निघत असणार. महुरझरी तर रंगीत दगडांचे मणी घडवण्याचं केंद्र होतं. जुनापाणीहून महुरझरी फार लांब नाही.

विदर्भातली बहुतेक वर्तुळं बरड, खडकाळ जमिनीवर आहेत. काळी कसदार माती त्या लोकांनी पिकांना आणि गुरांना ठेवली, मृतांना माळ दिला. हाच निर्णय पुढे या भूमीला वाचवत आला. माळावर नांगर चालत नाही. कुणी त्याचं वावर केलं नाही, तिथून धुरा, म्हणजे बांध, गेला नाही. गुराखी ढोरं चारत राहिले, पावसाळ्यात गवत वाढलं, उन्हाळ्यात वाळलं. वारस नसतानाही स्मशान टिकलं, कारण ती जमीन कुणालाच नको होती.

आज ती सगळ्यांना हवी आहे. नागपूर काटोल रोडने वाढत चाललं आहे. लेआउट, फार्महाऊस, लॉन, ढाबे. शेतीला निरुपयोगी बरड जमीन बांधकामाला सर्वात सोयीची असते, कारण खाली पक्का मुरूम आणि खडक. जेसीबीला एक वर्तुळ सपाट करायला किती वेळ लागणार? सुमारे तीन हजार टोपल्यांचं काम दुपारच्या जेवणाआधी संपेल. आणि चालवणाऱ्याला दोष देता येणार नाही, कारण त्याच्या डोळ्यांना ते माळावर पडलेले गोटेच दिसणार.

कायदा आहे. जुनापाणी केंद्रीय संरक्षित आहे. प्राचीन स्मारकांच्या १९५८ च्या कायद्यातल्या २०१० च्या दुरुस्तीनुसार संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आहे आणि त्यापुढच्या २०० मीटरांत परवानगी लागते. स्मारकाची नासधूस केली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण हे सगळं मोजलं जातं संरक्षित हद्दीच्या रेषेपासून. देवळाला भिंत असते, किल्ल्याला तट असतो, तिथे रेषा कुठे आखायची हे उघड असतं. विखुरलेल्या स्मशानाची कड कुठे संपते? शेवटच्या वर्तुळाशी? बिनदगडाच्या मृतांचं काय? त्या लोकांच्या वस्तीचं काय? वस्तू सापडणारी जागा म्हणून पाहिलं तर ठळक वर्तुळांभोवती कुंपण घातलं की काम झालं असं वाटतं. स्मशान म्हणून पाहिलं तर कुंपणाबाहेरचा माळही तितकाच मोलाचा ठरतो.

काय करता येईल

नवं खणन हे माझ्या यादीत शेवटी येतं. थापरांनी थोडी वर्तुळं उघडून बाकीची तशीच सोडली, हे त्यांचं फार मोठं देणं आहे. पुढच्या पिढ्यांकडे हाडांतून, मातीतून, परागकणांतून वाचण्याची आपल्यापेक्षा बारीक साधनं असणार. उघडलेली कबर त्यांच्यासाठी संपलेली असते.

आधी यादी हवी. प्रत्येक वर्तुळाला क्रमांक, जीपीएसवरचं ठिकाण, व्यास, दगडांची संख्या, खळगे असलेल्या दगडांची नोंद, आणि मोडलेलं असेल तर कसं मोडलं. हे काम नागपूर विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागाचे विद्यार्थी आणि आजूबाजूच्या गावांतली पोरं मिळून करू शकतात. गावातल्या गुराख्याला कोणते दगड कुठे आहेत हे कुठल्याही नकाशापेक्षा जास्त ठाऊक असतं. त्याला सोबत घेतल्याशिवाय यादी पुरी होणार नाही, आणि त्याला मजुरी मिळाली पाहिजे.

दुसरं काम महसुली कागदाचं. वर्तुळं ज्या गट नंबरांत येतात त्यांच्या सातबाऱ्याच्या इतर हक्कांत तशी नोंद चढवायची. खरेदी-विक्रीच्या वेळी, एनए करताना, लेआउट मंजूर करताना तोच कागद टेबलावर येतो. जमीनमालकाचं नुकसान होत असेल तर भरपाईचा विचार आधी व्हायला हवा. मालकाला शत्रू करून कुठलंही स्मशान वाचलेलं नाही.

तिसरं, ग्रामपंचायतीच्या दप्तरात या जागेची दफनभूमी म्हणून नोंद. पर्यटनस्थळ म्हटलं की पार्किंग, सेल्फी पॉइंट, पेव्हर ब्लॉक येतात. दफनभूमी म्हटलं की माणूस चप्पल घालून दगडावर चढायच्या आधी थांबतो. आपल्या गावात कुणाच्याही मातीवर पाय देत नाहीत, मग ती कोणत्या धर्माची का असेना. हा संस्कार कुंपणापेक्षा जुना आहे आणि इथे उपयोगी पडेल.

मोजणीची वेळही ठरवून घ्यावी लागेल. पावसाळ्यानंतर दिवाळीपर्यंत गवत कमरेएवढं असतं, लहान वर्तुळं त्यात बुडून जातात आणि नवख्या माणसाला तिथे काहीच नाही असं वाटतं. होळीनंतर गवत वाळून बसतं, जमीन उघडी पडते, सकाळच्या तिरप्या उन्हात दोन-चार इंचांचा उंचवटाही सावलीने दिसतो. मार्च अर्धा सरल्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत, नागपूरचं ऊन असह्य व्हायच्या आत, पहाटे सुरू करून दहाला थांबवायचं, या बेताने एका हंगामात पहिली फेरी पुरी होऊ शकते. त्याच यादीची एक प्रत तलाठ्याकडे, एक ग्रामपंचायतीत आणि एक अजब बंगल्यात ठेवावी.